बालोद्यानाचा जनक आणि आमचीं घरें

आमच्या शहरांतून, आणि आतां पुष्कळशा खेड्यांतूनहि, मूल तीन वर्षांचें होतें न होतें तोंच आईबापांच्या तोंडीं एक शब्द येऊं लागतो. मूल कोणत्या केजींत आहे, असें शेजारीपाजारी विचारतात. आणि विचारणाऱ्यास काय किंवा उत्तर देणाऱ्यास काय, त्या दोन अक्षरांचा मूळ अर्थ बहुधा ठाऊक नसतो. किंडरगार्टन या जर्मन शब्दाचा तो संक्षेप असून त्याचा सरळ अर्थ मुलांची बाग, बालोद्यान, असा आहे. आतां या बागेंत आम्हांस काय दिसतें? चार वर्षांचें मूल शंभरपर्यंतचे आंकडे उतरून काढीत असतें, इंग्रजी मुळाक्षरें घोटीत असतें, घरीं आल्यावर पुन्हां तेंच गिरवीत असतें. आणि तें संपल्यावर त्यानें घरांत गडबड करूं नये म्हणून वडील माणसें त्याच्या हातांत मोबाईल देऊन त्याला एका कोपऱ्यांत बसवितात. ज्या पुरुषानें हा शब्द घडविला त्यानें तो बरोबर याच्या उलट हेतूनें घडविला होता. त्या पुरुषाचें, फ्रीड्रिख फ्रोबेलचें, चरित्र आज वाचकांपुढें ठेवावें असें आम्हीं योजिलें आहे. शाळेचें नांव आम्हीं त्याच्याकडून घेतलें. तें घेतांना त्याचा विचार मात्र वाटेंतच टाकून दिला. तो विचार काय होता हें निदान एकदां पाहणें आमचें कर्तव्य होय.

फ्रोबेलचा जन्म 21 एप्रिल 1782 रोजीं जर्मनींतील थुरिंजिया प्रांतांत, ओबरवाइसबाख नांवाच्या डोंगराळ गांवीं झाला. वडील लूथरपंथी धर्मोपदेशक होते. भोंवतालच्या अनेक वाड्यावस्त्यांचा भार त्यांच्यावर असल्यामुळें घरच्या मुलाकडे पाहण्यास त्यांना सवड नव्हती. मूल वर्षाचें होण्यापूर्वींच आई वारली. पुढें वडिलांनीं दुसरें लग्न केलें. सावत्र आई आरंभीं त्या मुलाशीं ममतेनें वागली. परंतु तिला स्वतःचा मुलगा झाल्यावर तिची माया आटली, आणि घरच्या लेंकराशीं बोलावयाची जवळिकीची भाषा टाकून ती त्याच्याशीं एकाद्या परक्याशीं बोलावें तशी बोलूं लागली. लहान मुलाला भाषेंतला एवढासा फरकहि किती खोल लागतो, हें फ्रोबेल पुढें जन्मभर विसरला नाहीं. खेळावयास सोबती नाहींत, घराबाहेर जाण्यास मोकळीक नाहीं, अशा स्थितींत त्याचें मन अंगणांतल्या झाडाझुडपांत व फुलांत रमूं लागलें. दहाव्या वर्षाच्या सुमारास आईच्या भावानें, म्हणजे त्याच्या मामानें, त्याला श्टाटइल्म येथें आपल्या घरीं नेलें. तेथें त्याला पहिल्यानें माया, विश्वास आणि खेळगडी हीं तिन्ही एकदम मिळालीं. एकाच मुलाला एका घरांत मंद म्हणून गणावें आणि दुसऱ्या घरांत तोच मुलगा फुलून यावा, यांत मुलाचा गुण किती आणि घराचा किती, याचा विचार प्रत्येक आईबापानें करण्यासारखा आहे.

पंधराव्या वर्षीं त्याला एका वनाधिकाऱ्याकडे उमेदवारीस ठेवण्यांत आलें. गुरूनें शिकविलें थोडेंच. पण दोन वर्षें रानांत काढल्यामुळें झाडाचें पान, खोड व मूळ यांची रचना तो स्वतःच्या डोळ्यांनीं शिकला. 1799 सालीं तो येना येथील विश्वविद्यालयांत गेला. परंतु जवळचा पैसा लौकरच संपला, खाणावळीचें देणें राहिलें, आणि त्या अल्पशा कर्जापायीं त्याला विश्वविद्यालयाच्या बंदीखान्यांत सुमारें नऊ आठवडे काढावे लागले. पुढें कांहीं वर्षें तो ठिकठिकाणीं कारकुनी, मोजणी असलीं कामें करीत हिंडला. 1805 सालीं इमारतींच्या आराखड्याचें काम शिकावें म्हणून तो फ्रांकफुर्टला आला. तेथील एका नव्या धर्तीच्या शाळेचे चालक ग्रूनर यांनीं या तरुणांतला शिक्षक ओळखला व त्याला आपल्या शाळेंत घेतलें. वर्गापुढें उभा राहतांच पाण्यांत सोडलेल्या माशाप्रमाणें त्याला आपलें स्थान सांपडलें.

त्या काळीं स्वित्झर्लंडमधील इवर्दों येथें पेस्तालोझ्झी नांवाचा थोर शिक्षक मुलांना पुस्तकापेक्षां वस्तूंच्या साहाय्यानें शिकवीत असे. फ्रोबेल त्याच वर्षीं त्याला भेटून आला. आणि पुढें 1808 ते 1810 पर्यंत आपल्या तीन शिष्यांसह तेथेंच जाऊन राहिला. वस्तु हातांत घेऊन शिकावें हें तत्त्व त्याला मनापासून पटलें. परंतु या वस्तूंचा एकमेकींशीं संबंध काय, आणि मुलाच्या मनाच्या वाढीशीं त्यांची सांगड कशी घालावयाची, या प्रश्नाचें उत्तर त्याला तेथें मिळालें नाहीं. तें शोधण्याकरितां तो गॉटिंगेन व नंतर बर्लिन येथें शास्त्रांचा अभ्यास करूं लागला. बर्लिनमध्यें वाइस या खनिजशास्त्रज्ञाच्या हाताखालीं त्यानें स्फटिकांचें अध्ययन केलें. मिठाचा खडा असो कीं दुसरें कोणतें खनिज असो, प्रत्येकाची घडण आंतून बाहेर एका ठराविक नियमानें होत जाते, हें त्यानें पाहिलें. आणि मुलाची वाढहि अशीच आंतून बाहेर होते, बाहेरून आंत कोंबून होत नाहीं, अशी त्याची खात्री झाली. मध्यंतरीं 1813 सालीं नेपोलियनविरुद्ध जें युद्ध पेटलें त्यांत तो स्वयंसैनिक म्हणून गेला. लढाईपेक्षां त्याचा मोठा लाभ म्हणजे लांगेथाल व मिडेनडोर्फ हे दोन तरुण मित्र त्याला तेथें मिळाले. हे दोघेहि पुढें त्याच्या कार्यांत उभे राहिले.

याच वर्षीं त्याचा वडील भाऊ सैनिकांची शुश्रूषा करितां करितां साथीच्या तापानें वारला. त्याच्या पोरक्या मुलांना कोण शिकविणार, हा प्रश्न पडतांच फ्रोबेलनें बर्लिनमधील संग्रहालयाची नोकरी सोडली, आणि 1816 सालीं ग्रीसहाइम येथें पांच पुतण्यांना घेऊन शाळा काढली. दुसऱ्याच वर्षीं ती काइलहाउ या खेड्यांत गेली. मुलांनीं शेतांत काम करावें, ओढ्यावर बांध घालावे, लाकूड कापावें, डोंगर चढावे आणि मग पुस्तक उघडावें, असा तेथील क्रम असे. 1826 सालीं माणसाच्या शिक्षणावरील आपला मोठा ग्रंथ त्यानें प्रसिद्ध केला. परंतु तो काळ संशयाचा होता. जेथें मुलांना स्वतः विचार करावयास शिकवितात तेथें राजद्रोह शिजत असला पाहिजे, असा प्रशियाच्या सरकारास वास येऊं लागला. साठाच्या आसपास गेलेली विद्यार्थ्यांची संख्या 1829 पर्यंत पांचांवर आली. कर्ज वाढलें. अखेर 1831 सालीं फ्रोबेल स्वित्झर्लंडमध्यें गेला व तेथें त्यानें शाळा चालविल्या. बुर्गडोर्फ येथील अनाथालयाचा कारभार त्याच्याकडे आला तेव्हां अगदीं लहान मुलांचें निरीक्षण करण्याची त्याला संधि मिळाली. आणि शाळेंत येणाऱ्या मुलाचें बरेंवाईट घडणें शाळेपूर्वींच, आईच्या मांडीवर व घरच्या जमिनीवर, पुष्कळसें होऊन चुकलेलें असतें, हें त्याच्या मनानें घेतलें.

येथून त्याच्या आयुष्याचा खरा भाग सुरू होतो, आणि तेव्हां त्याचें वय पंचावन्न होतें हें विशेष होय. 1837 सालीं बाड ब्लांकेनबुर्ग या लहानशा गांवीं त्यानें मुलांच्या खेळाकरितां व उद्योगाकरितां एक संस्था काढली, आणि लाकडाचीं खेळणीं करवून पेट्यांत भरून घरोघरीं पाठविण्यास आरंभ केला. या खेळण्यांना तो देणग्या म्हणे. पहिली देणगी तान्ह्या मुलाची: दोरीला बांधलेले लोकरीचे सहा मऊ चेंडू, तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा व जांभळा. दुसरींत लाकडाचा गोळा, चौकोनी ठोकळा व दंडगोल. गोळा घरंगळतो, ठोकळा बसून राहतो, आणि दंडगोल आडवा ठेवला तर पहिल्यासारखा व उभा ठेवला तर दुसऱ्यासारखा वागतो. हें कोणीं सांगावें लागत नाहीं, मुलाचे हातच त्याला सांगतात. तिसरी देणगी म्हणजे दोन इंची ठोकळा, पण तो एक इंचाच्या आठ ठोकळ्यांचा मिळून झालेला. चौथींत त्याच मापाच्या ठोकळ्याच्या आठ विटा. पुढें तीन इंची ठोकळे, त्यांचे तिरपे तुकडे, मग पातळ फळ्या, काड्या, कड्या आणि शेवटीं नुसते ठिपके. भरीव वस्तूपासून पृष्ठाकडे, पृष्ठापासून रेषेकडे व रेषेपासून बिंदूकडे असा हा प्रवास आहे. ज्या बिंदूंपासून भूमितीचें पुस्तक आरंभ करतें तेथें मूल सर्वांत शेवटीं, खेळत खेळत पोंचतें. यांखेरीज कागदाच्या घड्या, कागदाच्या पट्ट्यांचें विणकाम, टोंचणी, शिवण, मातीकाम, भिजविलेल्या वाटाण्यांत काड्या खोंचून केलेलीं घरें, असे हातांचे उद्योग त्यानें लावून दिले.

या पेट्या वापरण्याची त्याची रीत मोठी मार्मिक होती. पेटी पालथी घालून तिचें झांकण हळूच ओढून घ्यावयाचें व पेटी वर उचलावयाची, म्हणजे आठ तुकड्यांचा सबंध ठोकळा मुलापुढें उभा राहतो. पूर्ण वस्तु प्रथम, तिचे भाग मागून. मग त्या आठांची खुर्ची होईल, जिना होईल, विहीर होईल. याच तुकड्यांचें नक्षीचें फूल होईल. आणि यांतच आठ म्हणजे दोन चोक किंवा चार दुणे हेंहि दिसेल. एक आकृति मोडून दुसरी करण्यापेक्षां पहिलींतलेच तुकडे सरकवून दुसरी घडवावी, आणि शक्य तों एकहि तुकडा बाजूस पडूं देऊं नये, असा त्याचा आग्रह असे. खेळ संपला कीं ठोकळा पुन्हां सबंध करून पेटींत. नीटनेटकेपणावर याहून चांगला पाठ आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

1840 च्या वसंतांत मित्रांबरोबर डोंगरावरून चालत असतां, खालच्या हिरव्या दरीकडे पाहून, त्याला आपल्या संस्थेचें नांव अकस्मात् सुचलें असें सांगतात. 28 जून 1840 रोजीं किंडरगार्टनची रीतसर स्थापना झाली. माळी रोपाला ओढून वाढवीत नाहीं; माती, पाणी व ऊन यांची तजवीज करून तो जपून पाहत राहतो; हा त्या नांवाचा अर्थ. नांवांतली बाग नुसती उपमाहि नव्हती. प्रत्येक मुलाला स्वतःचा चिमुकला वाफा असावा व सर्वांचा मिळून एक असावा, ही त्याची योजना होती. 1844 सालीं आयांसाठीं त्यानें बोटांच्या व हातांच्या खेळांचें एक सचित्र गीतांचें पुस्तक काढलें. त्यांतील पद्धत आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. एका वेळीं एकच विषय घ्यावयाचा: वाऱ्यावर फिरणारा कोंबडा, कबुतरांचें खुराडें, सुतार, पाव भाजणारा. आई मुलाच्या हातांनीं खोटा पाव थापते. मग हें पीठ आलें कोठून, तर गिरणींतून. गिरणींत धान्य आलें कोठून, तर शेतांतून. आणि शेताला ऊन-पाऊस देणारा कोण, येथपर्यंत तो खेळ जातो. एका थापटीच्या खेळांत मुलाला आपल्या ताटामागें उभीं असलेलीं सर्व माणसें दिसावीं, हा हेतु.

फ्रोबेलचें दुसरें मोठें धाडस हें कीं, लहान मुलांच्या शिक्षणाचा व्यवसाय त्यानें स्त्रियांच्या हातीं दिला आणि त्याकरितां त्यांना शास्त्रशुद्ध शिक्षण देण्याचे वर्ग काढले. ज्या काळीं जर्मनींतील विश्वविद्यालयांचीं दारें स्त्रियांना बंद होतीं त्या काळची ही गोष्ट आहे. 1848 सालीं शिक्षकांच्या सभेंत त्याची पुष्कळांनीं थट्टा केली. म्हातारा मुलांबरोबर फेर धरून नाचतो म्हणून गांवचे लोक हंसत. परंतु 1849 सालीं मारेनहोल्ट्झ-ब्यूलो या घरंदाज बाईनें त्याचें काम पाहिलें व ती त्याची कायमची पुरस्कर्ती झाली. इतक्यांत 7 ऑगस्ट 1851 रोजीं प्रशियाच्या सरकारनें सर्व किंडरगार्टनांवर बंदी घातली. कारण काय, तर त्यांतून नास्तिकपणा व समाजसत्तावाद पसरतो! कार्ल फ्रोबेल नांवाच्या त्याच्या पुतण्याचीं मतें या धर्मनिष्ठ चुलत्याच्या माथीं मारण्यांत आलीं. खुलासे, अर्ज, विनवण्या सर्व व्यर्थ गेलें. 21 जून 1852 रोजीं मारिएनथाल येथें फ्रोबेल मरण पावला, तेव्हां बंदी कायम होती. ती 1860 सालीं उठली. श्वाइना येथील त्याच्या थडग्यावर ठोकळा, दंडगोल व गोळा एकावर एक असे दगडांत घडवून बसविले आहेत. राजांच्या समाधींवर तलवारी व मुकुट कोरतात. मुलाचें खेळणें ज्याच्या समाधीचा मुकुट झालें असे पुरुष जगांत फार थोडे.

ज्या बंदीनें ही कल्पना मारावयाची तिनेंच ती देशोदेशीं नेली. फ्रोबेलच्या शिष्या परदेशीं गेल्या. अमेरिकेंत 1856 सालीं एका जर्मन बाईनें आपल्या घरांतच पहिलें किंडरगार्टन भरविलें, आणि 1873 सालीं सेंट लुइस शहरानें तें सार्वजनिक शाळेंत आणलें. 1876 च्या फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनांत एका आईनें या पेट्या पाहिल्या व आपल्या मुलासाठीं आणल्या. तो मुलगा फ्रँक लॉइड राइट पुढें जगप्रसिद्ध वास्तुशिल्पी झाला, आणि त्या लाकडी ठोकळ्यांचें ऋण त्यानें म्हातारपणींहि मान्य केलें. तथापि दोषहि सांगितले पाहिजेत. फ्रोबेलची भाषा गूढ होती. आणि त्याच्या कित्येक अनुयायांनीं देणग्यांची कवाईत करून टाकली, इतकी कीं शिक्षिकेच्या हुकुमासरशीं सगळ्या मुलांनीं एकच ठोकळा एकाच जागीं ठेवावा. अशानें खेळांतला खेळ निघून जातो. 1907 सालीं रोममध्यें पहिलें बालगृह उघडणाऱ्या माँटेसोरी बाईंनीं मुलाच्या स्वयंनिवडीवर भर दिला, तो या दृष्टीनें योग्यच होता.

आमच्या महाराष्ट्रांत ही परंपरा ताराबाई मोडक यांनीं रुजविली. भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून त्यांनीं माँटेसोरी पद्धति अंगीकारिली. पण 1945 सालीं बोर्डी येथें व पुढें कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांत काम करितांना, महागड्या साधनांवांचून बियाणें, शिंपले, पानें व माती यांवर हें शिक्षण चालतें हें त्यांनीं सिद्ध केलें. शाळेंत न येणाऱ्या मुलांच्या अंगणांतच त्या शाळा घेऊन गेल्या. 1975 सालीं देशभर सुरू झालेल्या सरकारी योजनेंत अंगणवाडी हें नांव घरोघर पोंचलें. आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तीन ते आठ वर्षांचें वय ही एक सलग पायरी मानून तींत खेळाला मुख्य स्थान दिलें. म्हणजे कागदावर फ्रोबेल जिंकला आहे. हरला आहे तो आमच्या घरांत.

कोणी म्हणेल, आम्हांला वेळ कोठें आहे? जागा कोठें आहे? यास आमचें उत्तर असें कीं, ज्या खोलींत स्वयंपाक होतो तीच पुरे. आठवडाभर भाकरी हा एकच विषय घ्या. पहिल्या दिवशीं मुलापुढें ज्वारी, बाजरी व तांदूळ मिसळून ठेवा आणि त्याला वेगवेगळे काढूं द्या. दुसऱ्या दिवशीं चाळण हातीं द्या. मग पिठाचा गोळा. त्याचा साप, चाक, चूल, जें त्याला सुचेल तें. एक दिवस गिरणींत न्या, साधल्यास शेत दाखवा. रात्रीं निजण्यापूर्वीं हा सारा प्रवास त्यालाच सांगूं द्या. पुढच्या आठवड्यास पाणी किंवा पाऊस घ्या. ठिपक्यांची रांगोळी, कागदाची होडी, चिंचोक्यांची मांडणी, भातुकली हीं आमचीं जुनीं साधनें फ्रोबेलच्या शेवटच्या देणग्यांहून कोणत्याहि रीतीनें कमी नाहींत. मात्र फार लहान मुलाजवळ बिया व मणी एकट्यानें सोंपवूं नयेत. तो ते नाकातोंडांत घालील. आणि हें काम केवळ आईचें आहे असें समजून बाप वर्तमानपत्रांत तोंड खुपसून बसेल, तर तें आमच्या वर्तमानपत्रासहि भूषणावह नाहीं.

मूल शांत बसावें ही प्रत्येक घराची इच्छा असते व ती रास्तहि आहे. परंतु शांतता दोन प्रकारची. मोबाईलपुढें बसलेलें मूल गप्प असतें, कारण त्याचे हात व मन दोन्ही दुसऱ्यानें काढून घेतलेले असतात. तें यंत्र काढून घेतांच तें रडतें. ठोकळे रचणारें मूलहि गप्प असतें, पण त्याचे हात चालत असतात आणि मन एका कामावर टेकलेलें असतें. उठल्यावर तें काय केलें हें दाखवावयास धांवत येतें. हें दुसरें स्थैर्य ज्याला पांचव्या वर्षापूर्वीं लाभलें त्याला पुढें अक्षरें व आंकडे शिकविण्यास शिक्षकाला फार सायास पडत नाहींत. ज्याला तें लाभलें नाहीं त्याला अक्षरें लौकर आलीं तरी तीं त्याच्या बोटांतच राहतात.

म्हणून आमची आईबापांस विनंति आहे कीं, सहा वर्षांच्या आंतील मुलाला शिकवणीस घालण्यापूर्वीं त्या पैशांचे व त्या तासाचे काय करतां येईल याचा एक महिना प्रयोग करून पाहावा. आणि शाळाचालकांस अशी कीं, दारावर किंडरगार्टन ही पाटी लावावयाची तर आंत निदान एक वाफा, एक वाळूचा हौद व ठोकळ्यांची एक पेटी असावी, नाहींतर ती पाटी प्रामाणिकपणें उतरवून ठेवावी. ज्याला स्वतःच्या बालपणीं खेळावयास अंगण मिळालें नाहीं, त्यानें जगांतील मुलांसाठीं बाग मागितली. ती आम्हीं आमच्या घराच्या चार फूट जागेंत देऊं शकतों.